तिसऱ्या हाकेपर्यंत

७ डिसें., शनिवार
पडवी ट्रेकवाल्यांनी भरली आज. लोणावळ्याहून जीप करून एक कंपनीतला ग्रुप आलाय. टी-शर्ट सगळ्यांचे सारखे, चहा मात्र प्रत्येकाला वेगळा. कुणाला बिनसाखरेचा, कुणाला बिनदुधाचा. दोघं रीलवाले आले ते आधी प्लग शोधत फिरले, पाणीसुद्धा मागितलं नाही. एक जुने काका दरवर्षी येतात आणि दरवर्षी म्हणतात, "पूर्वी इथं कोणी नव्हतं." आम्ही होतो की.

आणि एक बाई. सोलापूरच्या शुभांगीताई, पन्नाशीच्या पुढच्या, एकट्या. सॅक त्यांच्याहून मोठी. उद्या नाळेत उतरणार, कड्यातली ती उभी घळ, आणि अर्ध्यातनं परत वर येणार. म्हटलं, आमच्या ह्यांना न्या वाटाड्या म्हणून. तर म्हणे, "वहिनी, कुणी सोबत असलं की माझं चालणं राहतं बाजूला आणि गप्पाच होतात." राग आला. मग माझ्याशेजारी भाकरी थापायला बसल्या. ज्वारीचा हात, तांदळाची काही जमेना. त्यावर दोघी हसलो. राग गेला.

जेवताना ह्यांचं नेहमीचं. "रानात हाक आली तर लगीच ओ द्यायची न्हाई. तीन होऊ द्यायच्या. दोन झाल्या न् थांबली, तर ते मानूस न्हवं." टी-शर्टवाले खिदळले. ताई नाही हसल्या. विचारलं, तिसरी नाही आली तर?
"मग घरची वाट धरायची. मागं बगायचं न्हाई."

८ डिसें., रवि.
ताई पोहेही न खाता गेल्या. मोठी सॅक पडवीतच. दुपारी जेवायला येते म्हणाल्या. नाळेत फोन लागत नाही.

दुपार टळली. ताट झाकून ठेवलंय. ग्रुप कड्यावरनं उतरला, त्यांना विचारलं. कुणी पाहिलं नाही.

हे कारवी तोडून आले. एरवी आल्या आल्या चहा मागतात, आज नुसते मोरीत तोंडावर पाणी मारत उभे. काय झालं? काही नाही. उन्हं उतरली तेव्हा मी म्हटलं, त्या बाई आल्या नाहीत हो अजून. हे सॅककडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बाईचा आवाज व्हता."
कुठं?
"नाळंच्या तोंडाशी. दोन येळा आला. तिसऱ्यांदा आलाच न्हाई."
मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

हे, शेजारचे धोंडूभाऊ आणि वाडीतले दोघं दोर, घोंगडी, बॅटऱ्या घेऊन गेलेत. वारं सुटलंय. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून लिहितेय. बाई जिवंत सापडू दे, बाकी काही मागत नाही.

९ डिसें., सोम.
सापडल्या. जिवंत आहेत. घसरून खालच्या टप्प्यावर पडल्या होत्या, घोटा मोडलाय. धोंडूभाऊ सांगत होते, वरनं दोन हाका मारल्या, खाली चिडीचूप. सगळ्यांचा धीर सुटला. तिसरीला खालनं ओ आली. ताई म्हणाल्या म्हणे, "तुम्हीच सांगितलं होतं ना, तीन होऊ द्यायच्या." धोंडूभाऊंना हसू आवरेना. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले.

झोळी करून आणलं, मग जीपने तळेगावच्या दवाखान्यात. जीपमध्ये घालताना ताईंनी ह्यांचा हात धरला. "भाऊ, देवासारखे आलात." आणि मला म्हणाल्या, "वहिनी, दुपारी कड्यावर एक माणूस होता. हातात कोयता. उन्हानं तोंड नाही दिसलं. दोनदा हाक मारली मी. तो वळला आणि गेला, मागं बघितलंसुद्धा नाही. मग ओरडावंसंच वाटेना."
हे जीपचं दार धरून उभे होते.

१३ डिसें., शुक्र.
वाडीत ह्यांचं कौतुक चाललंय. सत्कार करायचा म्हणतात. हे नको म्हणाले, तर लोक म्हणतात किती साधा माणूस.

काल भांडलो. मी म्हटलं, फोन करून सांगून टाका. "काय सांगू? भ्यालो न् बाईला टाकून आलो?" मग थोड्या वेळाने, "तिसरी आली असती तर गेलोच असतो."
तुम्ही पाठ फिरवलीत म्हणून आली नाही तिसरी, म्हटलं. तोंडातनं गेलं. खरं आहे, पण बोलायला नको होतं. न जेवता उठले.

२९ डिसें., रवि.
वर्षअखेरची झुंबड. एक टोळी स्पीकर घेऊन आली, कुत्रीसुद्धा वैतागली. एक फिरंगी जोडपं मात्र गुणी, आपापली ताटं घासून पालथी घातली.

हे वाटाड्या म्हणून जातात, पण नाळेकडे नाही. "तिकडली वाट मोडलीया" म्हणून सांगतात. वाट धडधाकट आहे. हाकेची गोष्टही बंद. एका पोराने रीलसाठी मागितली, हे सरळ गोठ्यात निघून गेले.

२० जाने., सोम.
ताईंचा फोन. प्लास्टर निघालं, काठी घेऊन चालतात. दोन तारखेला, रविवारी, सॅक न्यायला येतायत. ह्यांच्यासाठी चादर आणणार. ठेवता ठेवता म्हणाल्या, "तो कोयतेवाला कोण, काही कळलं?" मी म्हटलं, आवाज तुटतोय. तुटत नव्हता.

हे शेजारीच होते. म्हणाले, "चादर हातात घ्यायच्या आदी सांगतो."
बरं वाटलं. आणि भीतीही. वाडीला कळलं तर ह्यांच्या भरवशावर रानात कोण जाईल?

२ फेब्रु., रवि.
सकाळपासून हे दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ओट्यावर. काहीतरी पुटपुटतात. "ताई, त्यो मानूस..." पुढं सरकतच नाही.

गाडी देवळापर्यंतच येते. खालनं हाक आली, "भाऊऽऽ." ताईंचीच. हे पहिल्याच हाकेला ताडकन उठले आणि ओ दिली, कार्ल्यापर्यंत ऐकू जावी अशी.
ताईंनी ऐकली. हात वर केला. पण काठी टेकून तिथंच उभ्या राहिल्या, आणि जरा थांबून दुसरी हाक मारली. मग तिसरी.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. अनवाणीच उतार उतरून गेले.

दोघं देवळाच्या पायरीवर बसलेत. चादरीची पिशवी मधे तशीच. हे बोलतायत की नुसते बसलेत, इथनं कळत नाही. भाकऱ्या झाकून ठेवल्यात.