मेणाखालची फट

प्रिय कुंदाआत्या,

तुला जाऊन चार महिने झाले. या काळात मी तीनदा कागद पुढे ओढला, मायना लिहिला आणि थांबले. मायन्यानंतर लिहायचं वाक्य एकच होतं आणि ते लिहिण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. काल ते वाक्य मी तोंडाने बोलले, तेही तांडेलकाकांसमोर. म्हणून आज तुला लिहू शकते आहे.

पण ते सांगण्याआधी मला तुझे आभार मानू दे. तू असताना ते राहूनच गेले.

दहावीच्या सुट्टीत आईने मला मरोळच्या तुझ्या चेनदुरुस्तीच्या गाळ्यावर पाठवलं, ते मी काही काम शिकावं म्हणून नव्हे. शाळेत पहिली आलेली मुलगी, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पाव मागता येत नाही, याची तिला काळजी वाटत होती. "वन्सं, चार गिऱ्हाइकांशी बोलेल, जरा भीड चेपेल," असं ती तुला म्हणाली. तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, "बोलायचं तेव्हा बोलेल गो. सध्या हात तर आहेत ना तिला?"

त्या एका वाक्याने मला केवढा दिलासा दिला, हे तुला कधी कळलं का? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या गप्प बसण्याला दोष मानलं नव्हतं. तू मला पडद्यामागची जागा दिलीस, एक जुना टूथब्रश दिलास आणि चेनांचा ढीग पुढ्यात ओतलास.

लोकांना वाटतं, चेनदुरुस्ती म्हणजे शिलाईचं काम. तू म्हणायचीस, "शिलाई शेवटी. आधी तिला आंघोळ घाल." समुद्रातून आलेल्या पाणबुड्याच्या सुटाच्या चेनमध्ये मीठ बसलेलं असतं, डोंगरावरून आलेल्या तंबूच्या चेनमध्ये माती. ती गोड्या पाण्याने धुवायची, दात न् दात ब्रशने घासायचा, सावलीत वाळवायचं आणि मगच वंगणाचं नाव काढायचं. वंगणही प्रत्येकीचं वेगळं. त्या सुटाच्या पितळी दातांना मेण, तेही बाहेरच्या अंगाने आणि पातळ. प्लास्टिकच्या जाड चेनला फक्त टोकाशी, जिथे चेन ओढायचा रनर जाऊन बसतो तिथे, बोटाच्या अग्रावर मावेल इतकंच सिलिकॉन ग्रीस. आणि तंबूच्या चेनला बहुतेक वेळा काहीच नाही.

मालाडचे ते बँकेतले गृहस्थ आठवतात? नव्या तंबूच्या चेनला खोबरेल तेल चोळून घेऊन आले होते. सगळी धूळ त्या तेलाला चिकटून रनर मधेच अडकला होता. "घरात सगळ्याला तेच लावतो," असं ते ओशाळून म्हणाले, तेव्हा तू चष्म्यावरून बघत म्हणालीस, "डोक्याला लावा ना. तंबूला काय केस आहेत?" ते इतके हसले की पुढच्या खेपेला ट्रेकिंगचा सगळा ग्रुप घेऊन आले. मी पडद्यामागे तोंडावर हात ठेवून हसत होते. तुला ते दिसत होतं, हे मला नंतर कळलं.

आणि माझ्या मराठीसाठी तुझे आभार. हे वाचून तू हसशील, कारण तू सातवीपर्यंतच शिकलीस आणि मी मराठी घेऊन एम.ए. करते आहे. गिऱ्हाइकाला देण्यासाठी निगा राखण्याची चिठ्ठी लिहायला तू मला सांगितलंस. मी मोठ्या अभिमानाने लिहून आणलं, "उपयोगानंतर शुद्ध जलाने प्रक्षालन करावे." तू ते दोनदा वाचलंस.

"हे कोणासाठी?"

"गिऱ्हाइकासाठी."

"तो पाण्यातून बाहेर आलाय, ओला आहे, कुडकुडतोय, भूक लागलीय. त्याला हे वाचून दाखव बघू."

मी ती चिठ्ठी सात वेळा लिहिली. शेवटी उरलं ते एवढंच: गोड्या पाण्याने धुवा. सावलीत वाळवा. चेनवर घडी घालू नका. लिहिताना समोरच्या माणसाची अवस्था आधी डोळ्यांपुढे आणावी, हा धडा मला कोणत्याही वर्गात मिळाला नव्हता. पुढे महाविद्यालयात माझ्या निबंधांचं कौतुक झालं, तेव्हा मला प्रत्येक वेळी तो कुडकुडणारा माणूस दिसत असे.

आता ते वाक्य.

सुटाच्या बाबतीत तुझा एक नेम होता. सूट आला की हवा निसटू नये म्हणून मनगटांत बाटल्या आणि मानेत डबा घट्ट बसवायचा, सुटात हवा भरायची, चेनवर साबणाचं पाणी फिरवायचं आणि बुडबुडा कुठे येतो ते पाहायचं. हे सगळं मेणाच्या आधी. त्यानंतर पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं आणि शेवटी मेण. म्हणजे पूर्ण एक दिवस जाणार. मी विचारलं होतं, आधी मेण लावून मग एकदाच साबण फिरवला तर? तू म्हणालीस, "मेण लबाड असतं. फट दिसली की आत जाऊन बसतं. इथे टेबलावर बुडबुडा येणार नाही, आणि खाली पाण्यात सूट वाकला की मेण सुटणार." हे मी वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेत विचारलं असतं, तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

गेल्या थंडीत तू तपासण्यांसाठी दवाखान्यात गेली होतीस आणि तांडेलकाका सूट घेऊन आले. धरणाच्या दारांची पाहणी करायला त्यांना दुसऱ्या दिवशी पाण्याखाली उतरायचं होतं. "थांबतो मी," असं म्हणून ते स्टुलावर बसले आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहू लागले. "आज होणार नाही, उद्या या." एवढंच म्हणायचं होतं मला. आत्या, मला ते म्हणता आलं नाही. मी चेन धुतली, पंख्याखाली वाळवली, मेण लावलं आणि त्यानंतर साबण फिरवला. एकही बुडबुडा आला नाही. मी सूट त्यांच्या हातात दिला.

खांद्याजवळ, दोन दातांच्या मधे, पट्टीला केसाएवढी चीर होती. ती माझ्या मेणाखाली होती.

पाच दिवसांनी ते आले, तेव्हा तू पुढे होतीस आणि मी पडद्यामागे. बर्फासारखं पाणी पाठीवरून आत शिरलं, काम अर्धं टाकून वर यावं लागलं, चार दिवस ताप होता, हे सगळं ते ओरडून सांगत होते. मग त्यांनी विचारलं, "कोणी केलंय हे, कुंदाताई?"

"मी," तू म्हणालीस. "माझा हात चुकला."

हातातला ब्रश घेऊन मी तशीच बसून राहिले. पडदा बाजूला करायला किती ताकद लागते? तेवढीही माझ्यात नव्हती. तू नंतर मला एक शब्द बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी नवा सूट माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, "आज आधी साबण." त्या तीन शब्दांपेक्षा तुझ्या चार शिव्या मला परवडल्या असत्या.

इथे माझी एक तक्रार आहे, ती ऐकून घे. तू मला वाचवलंस हे खरं. पण खरं बोलायची वेळ मात्र लांबवलीस. उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणत मी वाट पाहत राहिले. मग तुझं आजारपण वाढलं. शेवटच्या दिवसांत मी तुझ्या उशाशी बसून तुला वर्तमानपत्र वाचून दाखवलं, पण "आत्या, मी चुकले," एवढं म्हणाले नाही. तुला ते ऐकायचं होतं का?

काल दुपारी तांडेलकाका सूट घेऊन आले. बाबांचं मत तुला ठाऊक असेलच: "ताई होती तोवर ठीक होतं, आता महिनाअखेर गाळा सोडू." गाळ्याचं निम्मं काम डायव्हर मंडळींचं, आणि ती सगळी तांडेलकाकांच्या शब्दावर येतात. हे काकांनाही ठाऊक आहे.

"काय गं, चालू ठेवणार का बंद?"

"ठरलं नाही, काका."

"चालू ठेव. आमच्या सगळ्यांचे सूट इथेच येतील, मी बोलतो त्यांना. तू ताईंच्या हाताखाली शिकलीस." मग सूट टेबलावर पसरत ते म्हणाले, "बाई झकास होती. एवढ्या वर्षांत एकदाच चुकली, ते धरणाचं. मी सांगतो ना लोकांना, आजारपणाने हात कापायला लागला होता ताईंचा, दुसरं काय."

आत्या, तुझा हात शेवटपर्यंत कापला नाही. दवाखान्यातल्या खाटेवरही तू माझ्या बॅगेचा रनर पकडीने दाबून सरळ केला होतास.

"तो हात आत्याचा नव्हता, काका. माझा होता."

त्यांना ते नीट ऐकू गेलं नाही. मला पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. मग मी सगळं सांगितलं: मेण आधी, साबण नंतर, आणि का.

"मी इथे बोंबलत होतो, तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिथेच. पडद्यामागे."

"आणि ताई गप्प ऐकून घेत होत्या."

"हो."

त्यांनी चेनवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी सूट उचलला, घडी न घालता नीट गुंडाळला आणि काखेत मारला. मी अडवलं नाही. जिन्याच्या तोंडाशी ते थांबले.

"चार जणांना तरी मी सांगितलंय, ताईंचा हात कापतो म्हणून. आता परत फिरून सांगायला लागणार."

"माझं नाव सांगा."

"तुझंच सांगणार. दुसऱ्या कोणाचं सांगू?"

आणि ते गेले. सूट परत येईल का, मला माहीत नाही. बाकीच्यांचे सूट येतील का, तेही माहीत नाही. संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग आता तर गाळा सोडायलाच हवा." मी म्हटलं, "मला सहा महिने द्या." ते चमकले. मग म्हणाले, "एवढ्या मोठ्याने मागते आहेस, म्हणजे हवेच असणार. घे."

आत्या, तुझ्या नावावरचा डाग आज मरोळपासून भाऊच्या धक्क्यापर्यंत तांडेलकाका पुसत फिरत असतील. तो माझ्या नावावर आला आहे आणि तिथेच त्याची जागा आहे. तू मला पडद्यामागची जागा दिलीस, त्याबद्दल मी आयुष्यभर तुझी ऋणी आहे. पण आज सकाळी मी तो पडदा काढून धुवायला टाकला. तो पुन्हा लावणार नाही.

तुला वचन देते: दारात कुणी कितीही घाईत उभा राहिला, तरी "आज मिळणार नाही," हे मी त्याच्या डोळ्यांत पाहून सांगेन. आणि माझा हात चुकला, तर ते सांगायला दुसरं कुणी पुढे येण्याआधी मी उभी राहीन.

मरोळच्या गाळ्यातून, पुढच्या टेबलावरून,
तुझी भाची,
शलाका