नळीतला मामा

३ मार्च
मुलगी झाली. नाक माझं, डोकंही माझंच असणार. गुणी पोर, हूं की चूं नाही. हॉस्पिटलातले सगळे मात्र माझ्यासमोर कुजबुजतात. काहीतरी शिजतंय.

४ मार्च, सकाळी ११
नर्सने उघड उघड लाच मागितली. दोघांची, आणि म्हणे नळीत भरून. चांगलं झापलं. बायकोने कपाळावर हात मारला. लाच नाही, लाळ. हजारो नवजात बाळं आणि त्यांचे आईबाप यांच्या जनुकांवर संशोधन चाललंय म्हणे. बाळाच्या टाचेतून रक्त, आमची लाळ. पुढचे आजार आधीच कळतात. असेल. मला तर यांचा डोळा माझ्या डोक्यावर दिसतो.

५ मार्च
निश्चय: माझा थेंबही यांच्या हाती लागू द्यायचा नाही. बायको सही करून मोकळी. मीही केली. वाद नको म्हणून.

६ मार्च
नळी घरी आणली. मेव्हणा आला होता. त्याला म्हटलं, हिच्यात थुंक. कशाला, हेसुद्धा त्याने विचारलं नाही. त्या घराण्यात डोकं बेताचंच. संशोधनवाल्यांना झकास मामा बनवलं.

२० मार्च
बायकोचे डोळे तांबारलेले. मुलगी शांत झोपते, मग ही जागते कशाला? लक्ष ठेवायला हवं. वर मलाच विचारते, ऐकू येत नाही का. म्हटलं, तू नीट बोल.

१८ एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. मुलीच्या एका जनुकात दोष आहे, पुढे ऐकू कमी येऊ शकतं. आईत तो नाही. बापाचं बघावं, तर नळीतला माणूस बाप नाही, मामा दिसतो. हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. बायकोचा चेहरा बघवेना. सगळं सांगून टाकलं. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. निदान मला ऐकू आला नाही.

१९ एप्रिल
स्वतः थुंकायला गेलो. तोंडाला कोरड. रेषेपर्यंत भरायला पाऊण तास. नर्स म्हणाली, सावकाश, काका. काका!

२ जून
दोष माझ्याकडूनच आला. माझे दोन्ही कान अर्ध्यावर आलेत म्हणे. मुलीचं सध्या ठीक आहे. दर तीन महिन्यांनी तपासतील, वेळेत कळलं. डोकं घ्यायचं सोडून पोरीने नेमकं हे घेतलं. फार वाईट वाटलं.

९ जून
कानात मशीन घातलं. घरात कुणीच कुजबुजत नाही.
मुलगी रडते. जन्मापासून अशीच रडते म्हणे, रोज.
उचलून घेतली. गप्प होईना. मशीन काढलं नाही.