तालमीचा पेशंट

७ नोव्हेंबर १९९८
कट्ट्यावर झोपणाऱ्या शिवाप्पाचा पाय सुजलाय. गडी कर्नाटक सीमेकडचा, घर न्हाय दार न्हाय, दोन वर्षं आमच्या तालमीच्या दारात पडून. पोरं म्हणाली, "वस्ताद, मुरगाळला असंल." आखाड्यातली लाल माती ताकात कालवून लावली. आमच्यात सगळ्याला औषध एकच.

१० नोव्हें.
माती धुतली, तर खाली जखम. वास मारतीया. अक्कल शेण खायला गेलती माझी!
संभा पैलवानानं पाठकुळी घेतलं, दवाखान्यात नेलं. खिडकीवरचा कारकून म्हणतो, "पत्ता?" शिवाप्पानं नुसती मान हलवली. "नातेवाईक?" परत तेच. "मग भरती कशी करू?" मागं एकदा शिवाप्पा इथनं असाच माघारी आलाय म्हणं. बोलला न्हाय कुणाला.
डोकंच सणकलं. "पत्ता लिवा, तालीम, मंगळवार पेठ. नातेवाईक आम्ही. किती बोलवू?" मागं पोरं उभीच. झाला भरती.

११ नोव्हें.
डॉ. बाई म्हणाल्या, साखर लई वाढलीया, पाय वाचवायचा प्रयत्न करू, पण काढायची पाळीबी येऊ शकती. मातीचं सांगितलं. लई झापलं बाईंनी. "पुन्हा लावलीत तर आधी तुम्हालाच भरती करीन." पोरं फिदीफिदी हसली.

१५ नोव्हें.
पाळ्या लावल्यात. मेहनत झाली की एकजण वॉर्डात. आज संभानं थंडाई नेली, साखर घालून! सिस्टरनं दारातच धरलं. बेण्यानं तिथंच उभ्यानं गटागटा पिऊन टाकली. शिवाप्पा पोट धरून हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा हसताना बघितला.
खरं सांगू? मैदान मारल्यावर पण छाती एवढी फुगली न्हवती. असली पोरं हायत माझी.

१९ नोव्हें.
उद्या सकाळी डॉ. बाई पट्टी सोडून ठरवणार, पाय ठेवायचा का काढायचा.
शिवाप्पा मला म्हणतो, "अण्णा, पाय गेला तर कट्ट्यावर चढू कसा?"
"कट्टा कशाला? आतल्या खोलीत झोपायचं आता." पोरांना विचारलं न्हाय अजून. त्यात विचारायचं काय की!
निघताना वॉर्डबॉय दारातनं ओरडला, "तो बेवारस पेशंट कुठं हाय?"
आतनं शिवाप्पाचा आवाज आला, "बेवारस न्हाय. तालमीचा हाय मी." एवढ्या मोठ्यानं, की जिन्यावर मला ऐकू आलं.
उद्या मेहनत बंद. सगळेच जाणार.