वीतभर पोकळी

४ सप्टेंबर, गुरुवार

एकदाचे पोचलो! सामानाचा ट्रक आमच्या आधी येऊन दारात उभा होता. माझ्या आयुष्यात बदलीच्या गावी असा चमत्कार पहिल्यांदाच घडला. वरुणच्या बँकेनं चिपळूणहून उचलून थेट जयपूरला फेकलं तेव्हा मी दोन दिवस रुसून होते, पण हे घर बघितलं आणि रुसवा पळाला. तिलक नगरातली जुनी तीनमजली इमारत, आमचा मधला मजला. गॅलरीतून बिर्ला मंदिराचं पांढरं शिखर दिसतं. खोल्या ऐसपैस, आणि छताला सिमेंटचा स्लॅब नाहीच, लांबलचक दगडी पट्ट्या शेजारी शेजारी टाकून वर चुना मारलाय. कोकणातल्या माणसाला कौलांची सवय. दगडाखाली झोपायचं म्हणजे जरा धाकधूकच.

ही वही मी बाळासाठी लिहिते आहे. आज चोविसावा आठवडा लागला. आधीचे दोन राहिले नाहीत. हे राहणार आहे. बाळा, तू हे मोठेपणी वाचशील तेव्हा आईच्या अक्षराला हसू नकोस.

तळमजल्यावरच्या कलावतीजी संध्याकाळी बेसनाच्या गट्ट्यांची भाजी घेऊन आल्या. सत्तरीच्या, बोलक्या, नाकात मोठी चमकी. जाताना मात्र एक विचित्र गोष्ट सांगून गेल्या. दुपारी तीन वाजता वरून कुणी ठोकलं तर झाडूच्या दांड्यानं छतावर दोनदा ठोकून द्यायचं, मग दिवसभर शांती. मी विचारलं, वर कोण राहतं? म्हणाल्या, कोणी नाही, बेटा, बरसों से ताला है. मी हसून मान डोलावली. आईनं लहानपणापासून एक गोष्ट मनावर ठसवली आहे: हाक मारणारा दिसल्याशिवाय ओ द्यायची नाही. जो ओ देतो तो त्याचा होतो. आमच्याकडे शेंबडं पोरही हा नियम मोडत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाची वार खाली आहे. जिना नाही, प्रवास नाही, फक्त बाथरूमपुरतं उठायचं, बाकी बाळ येईपर्यंत आडवं राहायचं. माझ्यासारख्या पायाला भिंगरी असलेल्या बाईला! वरुण सकाळी नऊला डबा उशाशी ठेवून जातो आणि सातला येतो. मधले दहा तास मी आणि छत. पट्ट्या मोजल्या. अकरा आहेत.

११ सप्टेंबर, गुरुवार

तीनला ठोकलं. थट्टा वाटली होती, पण खरंच ठोकलं. टक, टक, टक. मग थोडा वेळ बंद, जसं कोणी कान देऊन ऐकतंय. पुन्हा तीन. अर्धा तास चाललं, बरोबर माझ्या खाटेच्या वर. मी झाडूकडे बघितलंसुद्धा नाही. आईच्या शिकवणीचा मान राखला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रोज. आता अर्ध्याचा एक तास झालाय. जरा डोळा लागतो न लागतो तोच सुरू. काल थोडं लाल दिसलं आणि मी लगेच डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, झोप हवी, ताण नको. वरुण वर जाऊन आला. कुलूप गंजलंय, कडीला जाळी. तो म्हणतो पाण्याचे पाइप तापून वाजत असतील. वाजोत. पण माझं बाळ त्यांच्या पायी जायला नको.

वरुणनं डोकं लढवलं. खोलीला आवाज न येणारं लोंबतं छत, म्हणजे फॉल्स सीलिंग, करून घ्यायचं. मी तर आनंदानं रडलेच. आईला फोन केला तर ती म्हणाली, पितृपक्षात घरात नवं काम काढू नका. ठीक. घटस्थापनेला सुरुवात.

२२ सप्टेंबर, सोमवार

मुरलीपुऱ्याहून सुखदेवजी मिस्त्री आले. माझी खाट हॉलमध्ये. दारातून काम दिसतं म्हणून मला सिनेमा झालाय. ते म्हणाले, दगडी पट्टीला मधोमध भोक पाडलं तर ती तडकते, म्हणून दोन पट्ट्यांच्या सांध्यातच रबर लावलेले हूक. त्यांना लोखंडी चौकट. तिच्यात वरच्या बाजूला रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, जाड थर, खाली जिप्समचे दोन बोर्ड, फटी रबराच्या लुकणानं बंद. दगड आणि बोर्ड यांच्यात वीतभर पोकळी. आवाज त्या पोकळीत मरतो, असं ते म्हणाले.

खाटेच्या जागेवरची पट्टी त्यांनी मला फोनवर फोटो काढून दाखवली. चुना उडून तिथे वाटीएवढा खळगा पडलाय. किती वर्षं, किती भाडेकरूंनी तिथे दांडा आपटला असेल कोण जाणे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज सुखदेवजींवर चिडले. बरोबर तीनला शिडीवर चढून त्यांनी हातोड्याच्या मुठीनं दोनदा ठोकलं. तीन दिवस रोज करत होते म्हणे, कलावतीजींनी सांगितलं होतं. मला वाटत होतं, कामाच्या गोंगाटात ठोके ऐकू येत नाहीत! मी स्पष्ट सांगितलं, माझ्या घरात हे नको. ते म्हणाले, जैसा आप कहो, बाईसा. मग म्हणाले, एक झडप तरी ठेवू या, वर हात घालता येईल. मी तीही नको म्हटलं. झडप म्हणजे फट, फट म्हणजे आवाज. दारालाही रबराची पट्टी बसवून घेतली.

३० सप्टेंबर, मंगळवार

शांतता! अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. काम संपलं, खाट परत खोलीत. पांढरं स्वच्छ छत, एक डाग नाही. दुपारी जेवून जी पडते ती थेट साडेपाचला उठते. सासरी असं झोपले असते तर गावभर झालं असतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

एकोणतिसावा. डॉक्टरांनी एक कार्ड दिलंय, बाळ दिवसातून किती वेळा हललं ते त्यावर लिहायचं. आमचं बाळ भलतंच वक्तशीर निघालं. सकाळी धिंगाणा, मग झोप, आणि तीन वाजता बरोबर दोन लाथा. ढुश, ढुश. वरुणला सांगितलं, हा बँकेतच लागणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

छतावर, माझ्या डोक्याच्या बरोबर वर, तीन ठिपके दिसले. सुखदेवजींना फोटो पाठवला. बोर्डाच्या स्क्रूवरची पुट्टी उडाली आहे, ते म्हणाले, हवा कोरडी आहे, होतं असं, दिवाळीनंतर गावाहून आलो की भरून देतो.

कार्डावर आज छत्तीस. गेल्या आठवड्यात पन्नास होते. डॉक्टर म्हणाल्या, जागा कमी होते, घाबरू नका.

१८ ऑक्टोबर, शनिवार

ठोके ऐकू आले.

दगडावरून नव्हे. बोर्डावरून. आवाज मरतो म्हणाले होते ना पोकळीत? मग तो इतका जवळ कसा? नखानं ठोकावं तसा, हलका, टक टक टक, आणि मग माझ्या पोटात दोन लाथा.

तीन ठोके. दोन लाथा.

मी घड्याळाकडे बघितलंच नाही. गरज नव्हती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. वरुणनं दारात पणत्या लावल्या. मी आईला फोनवर सगळं सांगितलं.  ती म्हणाली, कीर्ती, तू ओ दिली नाहीस ना? मी म्हटलं, नाही गं, एकदाही नाही. तिनं विचारलं, मग कोण देतंय?

मी फोन ठेवला. पोटावर दोन्ही हात दाबून धरले. जसं त्याचं तोंड दाबता येईल.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

कार्डावर बावीस. ठिपके एकोणीस. दोन्ही मीच मोजते.

ठिपके वाटेल तिथे पडलेले नाहीत. डोकं. दोन खांदे. कोपर. कोणीतरी पालथं झोपलंय असे. माझ्याकडे तोंड करून.

कलावतीजींना बोलावून घेतलं. छत बघून त्या रडायलाच लागल्या. मग सगळं बोलल्या. त्या लग्न होऊन याच घरात, या मधल्या मजल्यावर, आल्या होत्या. वरच्या भाभीला डॉक्टरनं पडून राहायला सांगितलेलं, घरचे सगळे कामावर. दुपारी तीनला ती जमिनीवर ठोकायची, म्हणजे मी आहे. या खालून दोनदा ठोकायच्या, म्हणजे मी ऐकतेय. एवढंच दोघींचं बोलणं. एका उन्हाळ्यात या लग्नाला सीकरला गेल्या. आठ दिवस. परत आल्या तेव्हा ती जमिनीला कान लावून पडलेली सापडली होती. आठवाँ महीना था उसका, बहूजी, दोनों गए.

मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, पेटवाली को कैसे बताती.

खरं आहे. मीही सांगितलं नसतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज मीच ठोकलं. झाडूनं, दोनदा, तिच्या तीन ठोक्यांनंतर. पण बाळाच्या लाथा माझ्या आधी पडल्या होत्या. ती माझं ऐकत नाही. तिला दुसरं कोणी मिळालंय.

२७ ऑक्टोबर, सोमवार

खाट हॉलमध्ये. दार बंद. वरुणनं ऐकलं एकदाचं, पण त्याच्या डोळ्यांत मी वेडी आहे.

तीनला काहीही ऐकू आलं नाही. पक्कं काम केलंय सुखदेवजींनी. आणि ढुश, ढुश.

मला ऐकू येत नाही. बाळाला येतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

हॉस्पिटल. दोन दिवस. एवढे मैल लांब, तरी तीनला दोन लाथा. ठोके ठीक चाललेत, डॉक्टर म्हणाल्या, म्हणजे बाळाच्या हृदयाचे. हालचाल कमी. काढायची घाई नको, फुप्फुसं कच्ची आहेत. पुढच्या गुरुवारी बघू.

कार्ड: नऊ.

१ नोव्हेंबर, शनिवार

घरी. वरुण स्टुलावर चढून स्क्रू काढायला लागला. बोर्ड खाली झुकलाय, मधोमध, घमेल्यासारखा. मी किंचाळले. उघडलंस तर ती सरळ — वरुण, उघडू नकोस. तो खाली उतरला आणि माझ्या पायाशी बसून रडला. आम्ही दोघं रडलो. इतकं कशासाठी सोसलं रे? फक्त एवढ्याचसाठी ना?

सुखदेवजी गुरुवारी येतील.

३ नोव्हेंबर

कार्ड: चार.

देवा, माझं घे. माझं काहीही घे.

४ नोव्हेंबर

दोन.

अख्ख्या दिवसात दोनच. तीन वाजताच्या. स्वतःसाठी तो आता हलतच नाही, फक्त तिच्यासाठी —

उद्या त्या दोनही राहिल्या नाहीत तर? गुरुवार परवा आहे.

उद्या त्याच्या आधी मी ओ देणार. तोंडानं, मोठ्यानं. आई म्हणते, जो ओ देतो तो त्याचा. मग मला ने. पण हॉलमध्ये ठोके ऐकू येत नाहीत, आधी कसं कळणार? त्या खोलीतच पडायला हवं. तिच्या खालीच.

५ नोव्हेंबर

वरुण बँकेत गेला. भिंत धरून खोलीत आले. दार लावून घेतलं. गादी खाली टाकलीय.

अडीच. बोर्ड इतका खाली आलाय की हात वर केला तर —

लावला नाही हात.

पोटाला म्हटलं, तू बोलू नकोस हं. आज आई बोलेल. तू फक्त झोप.

दोन पन्नास. लिहीत राहते.

पहिला टक —

ओ! दिली. दिली मी. दुसऱ्या ठोक्याच्या आधीच. मोठ्यानं. बाळ हललं नाही! हललं नाही, मी जिंकले, मी पहिली —

वर शांत. बोर्ड हलका वाटतोय. वर गेल्यासारखा. ती नाहीये तिथे.

बाळा, झालं. आता हल बरं थोडा.

तीन दहा. हल ना.

हल रे सोन्या —

पोटात काहीतरी. हो! नाही. लाथ नाही ही. टक. टक. टक. आतून. थांबून कान देतंय —

आणि वर, बोर्डावर, दोन लाथा. इवल्याशा. ढुश, ढु