वाचलेले पेट्रोल

पुणे, १२ जानेवारी १९८६

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

मोटारसायकल पसंत पडली हे वाचून बरे वाटले. आमच्या कारखान्याचे हे नवे इंजिन तुमच्या स्कूटरपेक्षा निम्म्या पेट्रोलवर तेवढेच अंतर जाते आणि धूरही फार कमी सोडते. रस्त्यावर गाड्या इतक्या वाढताहेत की हवेची काळजी कुणी तरी करायलाच हवी. महिन्याला पेट्रोल किती लागते तेवढे कळवा, घरचाच दाखला साहेबांपुढे ठेवीन. आता रोज सकाळी स्कूटर आडवी करून लाथा मारायला नकोत, हे आईला सांगा.

तुमची माया आहे तशीच राहो.

आपला,
प्रभंजन

धारवाड, ९ मार्च १९८६

चि. प्रभंजन यास अनेक आशीर्वाद.

तुला हवा तो दाखला काही मी देऊ शकत नाही. पेट्रोल पहिल्यापेक्षा जास्तच लागते. दोष इंजिनाचा नाही, माझा आहे. अंबूताईने अंथरूण धरल्याचे तुला ठाऊकच आहे. आई गेल्यावर या बहिणीनेच मला वाढवले, पण ती राहते त्या अळणावर गावचा रस्ता स्कूटरला झेपत नसे, म्हणून वर्षाकाठी एखादी खेप व्हायची. आता दर रविवारी जातो, कधी मधल्या वारीही. शेजारची लक्कव्वा तिचे सगळे करते, मी सुभाष रोडवरून मोसंबी नेतो आणि उशाशी बसतो. तुझ्या गाडीवर तिची एकच तक्रार आहे. आवाज कमी, त्यामुळे मी आल्याचे तिला कळत नाही. वळणावरूनच हॉर्न वाजवायचा असा हुकूम झाला आहे. तुझी आई म्हणते, माझ्या पायाला भिंगरी लागली आहे.

प्रकृतीला जप, आठवण ठेव.

तुझा,
अप्पा

पुणे, २० मार्च १९८६

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र साहेबांना वाचून दाखवले. ते हसतील असे वाटले होते, पण त्यांनी कागद ओढून हिशेब मांडला. मग म्हणाले की इंजिन वाचवते ते माणूस फिरण्यात खर्च करतो, हे आपण धरलेच नव्हते. मैलामागे धूर कमी झाला खरा, पण मैल वाढले. तरी तुमचे जाणे कमी करू नका. आत्याच्या मांडीवर मीही निजलो आहे. तिला माझा नमस्कार सांगा.

लोभ आहेच, तो उणा होऊ नये.

आपला,
प्रभंजन

धारवाड, १८ मे १९८६

चि. प्रभंजन यास अनेक आशीर्वाद.

अंबूताईचे दिवस उरकून तू पुण्याला सुखरूप पोचलास हे कळले. तू होतास म्हणून ते दिवस निभावले. मागच्या रविवारी सवयीने गाडी काढली, सुभाष रोडवर मोसंबीही घेतली. मग आठवले आणि तिथूनच परतलो. तुझ्या आईने मोसंबी सोलून माझ्या हातात दिली. फार पोरके वाटते रे, तुझ्यापासून काय लपवायचे.

तुझ्या कामाचे राहिलेच. या महिन्यात पेट्रोल निम्म्याहून कमी लागले. साहेबांपुढे आता खुशाल दाखला ठेव.

सवड काढून येत जा.

तुझा,
अप्पा