रांगेतला तिसरा शिपाई

आबा, काल भिंतीला चुना द्यायचा म्हणून तुमच्या फोटोची फ्रेम खाली उतरवली. तुमच्या म्हणजे, आजा ज्याला तुमचा म्हणायचा त्या. मोठ्या लढाईच्या दिवसांत, मी पोटात असताना, तुम्ही पलटणीत परत गेलात. आसामच्या पार पलीकडे, जिथं कॅमेरा कुणी पाहिला नव्हता, अशा डोंगरांतून एका गोऱ्या साहेबाचा सरकारी दौरा निघालेला आणि तुम्ही त्याच्या पहाऱ्यावर. तिथून तुम्ही तीन फोटो धाडलेत. एकात वेताचा झुलता पूल, दुसऱ्यात खुर्चीत साहेब आणि पुढ्यात उकिडवी बसलेली डोंगरातली माणसं, तिसऱ्यात तुम्ही सगळे शिपाई, एकसारख्या टोप्या, वाढलेल्या दाढ्या. आज्याला मोतीबिंदू झालेला, पण हौस दांडगी. फोटो नाकाला लावून त्यानं तिसऱ्या शिपायावर बोट ठेवलं, "ह्यो बगा माजा ल्योक! लय वाळलाय." दाराआडून आईला कळलं होतं, तुम्ही रांगेच्या टोकाला होता, फोटोच्या कडेनं अर्धे कापलेले. पण सासऱ्याचा शब्द सुनेनं खोडायचा कसा? शिवाय त्याच्यादेखत नवऱ्याचं तोंड निरखलं, हे कबूल करायचं कसं? तोच फोटो फ्रेम होऊन भिंतीवर लागला. रोज सकाळी आजा मला उचलून त्या माणसाच्या पाया पडायला लावायचा.

लढाई संपून तुम्ही घरी आलात. ट्रंक ठेवून हात पुढं केलेत, तर मी आज्याच्या धोतरामागं. "ह्यो न्हाई माजा आबा. माजा आबा वर हाय." तुम्ही वर बघता. आजा म्हणतो, "बग, कसा झ्याक उटलाय तुजा फोटू." तुम्ही म्हणता, "व्हय, तात्या."

चुलीपाशी तुम्ही आईला विचारलंत, "तू बोलली न्हाईस?"

"मामंजीस्नी मी काय बोलणार? तुमी तरी काय बोललासा?"

तुम्ही भाकरी मोडत बसलात. मग म्हणालात, "पोरगी वळखंल न्हवं मला?"

तो तिसरा शिपाई तिथंच डोंगरांत नदीत वाहून गेला, हे तुम्ही आजा गेल्यावर सांगितलंत. फ्रेम मात्र काढली नाहीत. मी तुम्हाला आबा म्हणू लागले, शेवटचं पाणीही मीच पाजलं. तुम्ही गेलात तेव्हा रडू आलं नाही. आजही येत नाही, आत नुसतं बधिर आहे. काल टोकाचा तो अर्धा चेहरा भिंग लावून पुष्कळ वेळ पाहिला. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. आबा म्हणून डोळे मिटले की अजून तो तिसराच येतो.