माझ्यामागे कुंड्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय एक्क्याऐंशी, धंदा पूर्वी चष्मे करून देणे व सध्या झाडे सांभाळणे, हे मृत्युपत्र माझ्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी मला तपासून तसे सांगितले, आणि मीही त्यांना तपासून त्यांचा नंबर वाढल्याचे सांगितले. मला कोणी भरीस घातलेले नाही. एकाने घालून पाहिले, ते योग्य जागी येईल. हे माझे पहिलेच मृत्युपत्र आहे, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम १. माझी माणसे. माझी पत्नी वारली त्याला बरीच वर्षे झाली. आम्हाला एक मुलगा. तो परगावी असतो, मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याचे लग्न मोडले. जिच्याशी मोडले तिला मी अजूनही सूनबाई म्हणतो. कायद्याला हा शब्द चालत नसेल तर वाचणाऱ्याने त्या जागी ‘मुलाची पूर्वीची पत्नी’ असे वाचावे. मी मात्र पुढे सूनबाईच लिहिणार आहे.

कलम २. झाडे. वकील म्हणाले, आधी घर, मग पैसे, आणि कुंड्या शेवटी ‘इतर किरकोळ’मध्ये घाला. मी म्हटले, “किरकोळ काय, ते मला ठरवू द्या.” म्हणून झाडे आधी.

(अ) पुढच्या खोलीतले रबराचे झाड. माझी पत्नी एका माल वाहतुकीच्या कचेरीत टंकलेखक होती. तिथल्या मोठ्या साहेबांच्या खोलीत हे झाड होते. कचेरी दुसरीकडे गेली तेव्हा टेबले गेली, पंखे गेले, झाड मात्र जिन्याखाली राहिले. त्या संध्याकाळी ती हातगाडीवाल्याला घेऊन दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, “अहो, दार पूर्ण उघडा. साहेब आलेत.” तेव्हा ते माझ्या कमरेइतके होते. आज छताला टेकले की शेंडा छाटावा लागतो. छाटल्यावर पांढरा चीक गळतो, तो फरशीवर पडू देऊ नये, डाग जात नाही. पाने ओल्या फडक्याने पुसावीत. मी चष्म्याची मऊ फडकी वापरतो. धूळ बसली की झाडालाही नीट दिसत नाही, असे ती म्हणायची. शास्त्रात हे बसत नसेल, पण ती म्हणायची.

(आ) न्हाणीघराच्या खिडकीतला नेचा. त्याला दमट हवा लागते आणि कोणी फार लक्ष दिलेले आवडत नाही. माझे सासरे असेच होते.

(इ) मागच्या खोलीतली मेणफुलांची वेल. ही पत्नीच्या माहेरची. तिच्या आईने ओल्या कापडात गुंडाळून एक फांदी दिली होती. पहिला बहर गळाला तेव्हा मी नुसते राहिलेले देठ कापायला कात्री घेऊन गेलो. तिने माझा हात धरला. “राहू द्या तो. पुढच्या वर्षी त्याच देठाला फुलं येतात.” आली. दरवर्षी येतात. तेव्हा जो कोणी या वेलीचा धनी होईल त्याने वाळक्यासारखा दिसणारा देठ कापू नये.

ही तिन्ही झाडे मी सूनबाईला देत आहे. कारण पुढे.

कलम ३. पाणी घालण्याबाबत सूचना, आणि त्या मला कशा मिळाल्या.

मला झाडातले ओ की ठो कळत नव्हते. माझा सगळा जन्म काचा घासण्यात गेला. काचेला पाणी लागते, पण ती मरत नाही. पत्नी आजारी पडून मागच्या खोलीत झोपून राहिली तेव्हा झाडांचे काम माझ्यावर आले. पहिल्याच दिवशी मी सगळ्या कुंड्यांत तांब्या तांब्या ओतला. तिने पलंगावरून पाण्याचा आवाज ऐकला.

“किती घातलंत?”

“भरपूर.”

“झाडं तहानेनं क्वचित मरतात हो. लाडानं मरतात.”

मग तिने शिकवले. मी पुढच्या खोलीत जायचे, मातीत बोट दोन पेरे घालायचे आणि तसेच तिच्याकडे यायचे. ती म्हणायची, “दाखवा.” मी बोट पुढे करायचो. माती चिकटलेली असली तर, “आज नाही.” बोट कोरडे आले तर, “घाला, पण बेताने.” रोज सकाळी एकेका कुंडीसाठी एकेक फेरी. शेजारचे शिंपी एकदा दारात आले, त्यांनी मला बोट वर धरून धावताना पाहिले आणि विचारले, “कापलं की काय?”

हा आमच्या संसारातला फार चांगला काळ होता, असे मी लिहिले तर वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. ती झिजत होती. पण इतकी वर्षे ती कचेरीत आणि मी दुकानात. दिवसाउजेडी एकमेकांकडे पाहायला सवड कुठे होती? आता सकाळची सकाळ आमची होती. एके दिवशी मी वेलीच्या मातीचे बोट घेऊन पलंगापाशी गेलो. ती डोळे मिटून पडली होती. मी उभा राहिलो. तिने डोळे न उघडताच माझे बोट हातात घेतले, चाचपले आणि म्हणाली, “आता तुम्हीच बघा.”

तेव्हापासून मीच बघतो आहे. एकही झाड गेलेले नाही.

कलम ४. मनीप्लांट. वरच्या मजल्यावरच्या काकू गेली कित्येक वर्षे जिन्यातल्या माझ्या मनीप्लांटच्या फांद्या खुडून नेतात. हटकले तर म्हणतात, “चोरून लावला तरच लागतो.” मी तो कुंडीसकट त्यांच्या नावे करत आहे. यापुढे तो त्यांचा स्वतःचा, रीतसर. आता लागतो का ते त्यांनी बघावे.

कलम ५. दुकानातली हत्यारे, म्हणजे बारीक पेचकस, चिमटे व भिंग घासायचे जुने यंत्र, ज्या बाई आता ते दुकान चालवतात त्यांना द्यावीत. त्यांनी माझी पाटी काढली नाही, नुसती खाली स्वतःची लावली. हे मी लक्षात ठेवले आहे.

कलम ६. घर. ही जागा मी स्वकमाईतून घेतली आहे. ती मी संपूर्णपणे सूनबाईला देत आहे. याची कारणे मुलाने शांतपणे वाचावीत.

त्यांचे पटेनासे झाले, त्यात कोण किती चुकले हे मी तोलत बसत नाही. ती घर सोडून निघाली त्या दिवशी मुलगा तिला म्हणाला, “किल्ली ठेवून जा.” तिने पर्समध्ये हात घातला. मी म्हटले, “राहू दे तिच्याकडे. मला एखादी किल्ली बाहेर असलेली बरी.” मुलगा माझ्याशी त्यावरून काही महिने बोलला नाही.

नंतर मी न्हाणीघरात घसरलो आणि खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात बरेच दिवस गेले. मुलाने चांगला डॉक्टर पाहिला, बिल भरले, रोज फोन केला. यात त्याने काही कमी केले नाही. पण मला तिथे पडल्या पडल्या एकच लागून राहिले होते. शिंप्यांना विचारायची हिंमत होत नव्हती. पत्नीने इतक्या भरवशाने माझ्यावर टाकलेली झाडे मी फरशीवरच्या साबणापायी घालवली, असे वाटून मी रात्री तोंड भिंतीकडे करत असे.

घरी आणले तेव्हा मी म्हटले, “मला आधी मागच्या खोलीत नेऊ नका.” नेले तिथेच. वेलीला कळे धरले होते.

शिंपी म्हणाले, “तुमची सून यायची. काम सुटलं की रोज. मला म्हणाली, बाबांना सांगू नका, उगाच संकोचतील.”

मी तिला फोन केला. “तुला कुणी शिकवलं गं?”

“तुम्हीच. मी स्वयंपाकघरातून बघायचे की. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा बोट घालून बघायचे आणि मग तुमच्यासारखीच मागच्या खोलीकडे वळायचे. तिथं कुणी नाही हे मग आठवायचं.”

फोन तिनेच ठेवला.

कलम ७. बँकेतील शिल्लक मुलाला. त्याच्या आईचे टंकलेखन यंत्रही त्यालाच. त्यावर तो अक्षरे शिकला, तिच्या मांडीवर बसून. शिवाय कोरफडीची कुंडी. तिला विसरले तरी ती जगते. हा टोमणा नाही. थोडासा आहे. मागच्या वेळी तो म्हणाला, “बाबा, जागा विकून टाकू. तुम्हाला चांगल्या वृद्धाश्रमात ठेवतो.” मी विचारले, “आणि झाडं?” “झाडं काय, नवी मिळतात.” बाळा, तू वाईट नाहीस. तू लहान असताना आजारी वेलीपाशी बसून तिला गोष्ट सांगितली होतीस, हे तुला आठवत नसेल. मला आठवते. म्हणून कोरफड.

कलम ८. हे सर्व अमलात आणण्याचे काम शिंप्यांनी करावे. ते माप चुकत नाहीत.

कलम ९. हा मसुदा मी परवा सूनबाईला वाचायला दिला. तिचा आता स्वतःचा व्यायामोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, दवाखाना आहे, तिथून ती तशीच आली होती. तिने शेवटपर्यंत वाचले, चष्मा काढला, पुसला.

“बाबा, यात एक चूक आहे. वरतीच ‘माझ्यामागे’ लिहिलंय. मला आत्ता हवंय.”

“घर?”

“घर नाही हो. दवाखान्यामागे माझी राहायची जागा आहे, त्यातली एक खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेला. कुंड्या घ्या आणि या.”

मी म्हटले, “लोक विचारतील, हे तुझे कोण? कागदावर आता आपलं काही नातं नाही.”

ती म्हणाली, “सांगेन, झाडांबरोबर आलेत.”

मी मुलाला फोन करून कळवले. त्याने दिवस विचारला. मग म्हणाला, “सामान उचलायला येतो मी.” मी त्याला येऊ नको म्हटलेले नाही.

रविवारी टेम्पो येत आहे. वरील मजकूर त्यानंतरही तसाच लागू राहील. घाई मात्र कोणी करू नये.

सही: चष्मेवाला, स्वहस्ते

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी. (सही समोर झाली. हात कापत नव्हता.)
२. कोपऱ्यावरचे डॉक्टर. (शुद्धीवर आहेत. खुशीतही आहेत, ते वेगळे लिहावे लागते का माहीत नाही.)

ठिकाण: रविवारपर्यंत हेच घर
दिनांक: ७ मार्च २०२५, शुक्रवार